रक्तदाब जेव्हा प्राणावर बेततो



अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने निधन झाले. त्या वेळी त्यांचा रक्तदाब ३००/१९० भरला होता. तो वाढल्याचे वर्षभर आधीच आढळले होते. परंतु त्यास खात्रीने आवर घालील असे औषध त्या काळी बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखासही लाभले नाही. आज तशी गोळी बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांतून दिली जाते. तरीही माणसे दगावतात, याची दोन ठळक कारणे म्हणजे मध्येच सोडलेले औषध आणि न ओळखलेली धोक्याची चिन्हे.

रक्तदाब १८०/१२० च्या वर गेला आणि त्याबरोबर मेंदू, हृदय, मूत्रपिंड अथवा डोळे यांना इजा होऊ लागली, म्हणजे तो आणीबाणीचा प्रसंग समजावा. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, वाचा अडखळणे, छातीत कळ, धाप, असह्य डोकेदुखी, दृष्टी अंधूक होणे, भ्रम अथवा आकडी, यांपैकी एकही चिन्ह दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. तत्काळ १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. धाप लागली असल्यास रुग्णास टेकवून बसवावे, शुद्ध हरपली असल्यास कुशीवर निजवावे. तोंडात पाणी घालू नये. कांदा वा चप्पल हुंगविण्यात वेळ दवडू नये. लक्षणे केव्हा सुरू झाली ती वेळ लक्षात ठेवावी. मेंदूतील गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

बीदर व कलबुर्गी येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. औराद, बसवकल्याण वा आळंद भागातील एखाद्या गावास उदगीर, उमरगा किंवा सोलापूर जवळ पडत असेल, तर राज्याच्या सीमेचा विचार आड येऊ देऊ नये. सोय असलेले जवळचे रुग्णालय गाठावे.

नुसता आकडा मोठा आला, पण वरीलपैकी कोणतेही चिन्ह नसेल, तर घाबरून जाऊ नये. स्वस्थ बसवून काही मिनिटांनी दाब पुन्हा मोजावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. जिभेखाली गोळी ठेवून दाब झपाट्याने उतरविण्याची जुनी रीत आता त्याज्य ठरली आहे. दाब एकाएकी कोसळल्यास मेंदूस व हृदयास रक्त अपुरे पडते. म्हणूनच रुग्णालयातदेखील तो बहुधा पहिल्या तासात चतुर्थांशाहून अधिक उतरवीत नाहीत.

गरोदर स्त्रीच्या बाबतीत १६०/११० हा आकडाच धोक्याचा होय. डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, पोटाच्या वरच्या भागात कळ ही आकडीची पूर्वसूचना असू शकते. अशा वेळी माता व बालक दोघांचेही प्राण वेळेवर अवलंबून असतात.

'आता बरे वाटते' म्हणून गोळी बंद करणे, हे या संकटाचे नेहमीचे मूळ आहे. कामधंद्यासाठी हैदराबाद, पुणे, मुंबईस जाणाऱ्यांनी आणि पंढरीच्या वारीस निघणाऱ्यांनी पुरेल इतके औषध बरोबर घ्यावे. उपवासाच्या दिवशीही गोळी चुकवू नये. दिवसाचे मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चमचाभरापेक्षा कमी असावे. लोणचे, पापड बेतानेच खावेत.

शिक्षकांनी ही चिन्हे शाळेच्या फळ्यावर लिहावीत, ग्रामपंचायतींनी चावडीवर लावावीत. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्यावा. मोजणीस काही क्षण पुरतात. दुर्लक्षाची किंमत मात्र सबंध कुटुंबास मोजावी लागते.