शब्दाची पत
(वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



'जनसंपर्क' हा शब्द ऐकला की मोठ्या कंपनीचे दालन आणि त्यात बसलेला कोट-टायवाला अधिकारी आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. भोसरीत दोन लेथ टाकून बसलेल्या किंवा चाकणच्या रस्त्यावर गॅरेज चालविणाऱ्या माणसाला वाटते, आपला याच्याशी काय संबंध? मला आज एवढेच सांगावयाचे आहे की, खरा संबंध त्याचाच आहे. मोठ्या कंपनीचे नाव जाहिरात सांभाळते; लहान माणसाचे नाव त्याचा शब्द सांभाळतो.

आपल्या परिसराकडेच पाहा. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ निघाले आणि पुढे भोसरी, चिंचवड, आकुर्डी कारखान्यांनी भरून गेली. कांद्याच्या बाजाराचे चाकण आज मोटारींचे चाकण झाले आहे. एका मोटारीला हजारो सुटे भाग लागतात आणि त्यांतले कितीतरी लहान वर्कशॉपमध्ये तयार होतात. मोठा कारखाना फार साठा करून ठेवीत नाही. १९९७ साली जपानमध्ये एका पुरवठादाराच्या कारखान्याला आग लागली, तेव्हा ब्रेकच्या एका लहानशा भागावाचून टोयोटाचे कारखाने काही दिवस थांबले होते. लहान माणसाच्या वेळेला किती किंमत आहे, हे यावरून कळेल.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची हकीकत त्याच्या परवानगीने सांगतो. तो एका कंपनीचे टर्निंगचे काम करीत असे. माल शनिवारी द्यावयाचा आणि गुरुवारी लेथचे बेअरिंग गेले. आता काय तोंड दाखवावे, या शरमेने त्याने मोबाईल बंद करून ठेवला. सोमवारी तो सुरू केला, तोवर काम दुसऱ्याकडे गेले होते. खरेदी अधिकारी त्याला म्हणाले, "मशीन आमचेही बंद पडते. गुरुवारीच एक फोन केला असता, तर मी दोन दिवस भागवून नेले असते." बँकेचा हप्ता अंगावर राहिला आणि हाताखालच्या दोन मुलांना घरी बसवावे लागले. ऑर्डर उशिरामुळे गेली नाही, ती मौनामुळे गेली.

म्हणून पहिली गोष्ट ही की, अडचण आली तर ती गिऱ्हाइकाला आपणहून आणि आधी सांगावी. दुसरी, चूक झाली तर कबूल करावी; खराब निघालेला माल हुज्जत न घालता बदलून द्यावा. तिसरी, ठरलेले सारे लिहून ठेवावे. कुराण शरीफमधील सर्वांत दीर्घ आयत (सूरह बकरा, २८२) देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे, हे आपल्यापैकी कितीजणांच्या ध्यानात असते?

लिहिण्याचा उपयोग आपला हक्क मागतानाही होतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे, लेखी मुदत ठरली असली तरी, माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळाले पाहिजेत. तशी मुदत ठरली नसेल, तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येते. परंतु त्यासाठी उद्यम नोंदणी हवी आणि चलन, बिल व माल पोहोचल्याची सही जपलेली हवी. कागद हाती असला म्हणजे आवाज चढवावा लागत नाही. नम्रपणे आठवण दिली तरी काम होते.

विद्यार्थी मित्रांनो, येथे तुमचे काम आहे. आठवी-नववीचा मुलगा किंवा मुलगी अब्बांची वही सहज लिहू शकेल: कोणाचे काम, किती नग, कोणत्या तारखेला, किती पैसे बाकी. शाळेत शिकलेले मराठी आणि गणित याहून चांगल्या कामी कोठे येणार?

आणखी एक कटू गोष्ट. आपल्यातील एकाने शब्द मोडला, तर त्याचे फळ कधी कधी दुसऱ्या दिवशी काम मागावयास जाणाऱ्या दुसऱ्याच मुलाला भोगावे लागते. हे न्यायाचे नाही, पण घडते. तसेच एकाने शब्द पाळला, तर दहाजणांसाठी दार उघडते, हेही मी पाहिले आहे.

आपले पैगंबर हजरत मुहम्मद (स.) स्वतः व्यापार करीत असत. नबुव्वत मिळण्यापूर्वीच लोक त्यांना 'अल-अमीन', म्हणजे विश्वासू, म्हणून ओळखत. आपल्या दुकानाच्या पाटीवर काय लिहावे, हे आपण ठरवितो. पाटीखालून जाणारे लोक आपल्याला काय म्हणतात, ते मात्र आपले वागणे ठरविते. ते चांगले म्हणोत, एवढीच दुआ करतो आणि आपली रजा घेतो.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.