माध्यमिक विद्यार्थ्यांची प्रगती आणि आपले उत्तरदायित्व

(देवस्थानच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



श्रींच्या सभामंडपात आज ज्यांचा गौरव झाला, त्या सर्वांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु सरकारी माध्यमिक विद्यालयातील जी मुले आज या मंडपात नाहीत, त्यांच्याविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा मी आपणाकडे मागतो. गुण कमी पडले की ‘मुलगाच मठ्ठ’ किंवा ‘मास्तर शिकवीत नाहीत’ असे म्हणून आपण मोकळे होतो. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही.

१९६६ साली जेम्स कोलमन यांनी अमेरिकेतील सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची पाहणी करून दाखविले की, शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीचा ठसा मुलांच्या यशावर अधिक खोल उमटतो. पुढे १९८३ मध्ये हेनमन व लॉक्सली यांनी २९ देशांतील प्राथमिक शिक्षणाची तुलना केली, तेव्हा निराळेच आढळले. देश जितका निर्धन, तितका शाळेचा व शिक्षकाचा प्रभाव अधिक! म्हणजे घराकडे बोट दाखवून शाळेला सुटता येत नाही आणि शाळेकडे बोट दाखवून घरालाही नाही.

आपल्या गोमंतकात यात भाषेचे कारण मिसळते. सरकारी प्राथमिक शाळेत चौथीपर्यंत मराठी वा कोंकणी आणि पाचवीपासून बहुतांशी इंग्रजी, असा क्रम आहे. आरंभ मातृभाषेतून व्हावा हे योग्यच. परंतु पूल न बांधता नदी ओलांडण्यास सांगितले जाते, दोष तेथे आहे. सरळव्याजाचे उदाहरण मराठीत तोंडी सोडविणारा मुलगा इंग्रजी पुस्तकात ‘प्रिन्सिपल’ हा शब्द पाहून थबकतो. त्याला तो शब्द मुख्याध्यापकांचा म्हणून ठाऊक असतो, मुद्दल म्हणून नव्हे! त्याचे गणित कच्चे नसते, पण गुण मात्र गणिताचेच जातात. कामानिमित्त येथे आलेल्या अनेक कुटुंबांत तर घरी कन्नड, शाळेत आधी मराठी, मग इंग्रजी, अशी तिहेरी वाटचाल मुलांना करावी लागते. पाचवीत राहिलेली ही उणीव नववी-दहावीत उघडी पडते.

दुसरे कारण वेळेचे. काजूचा हंगाम आणि वार्षिक परीक्षा एकाच सुमारास येतात. मुलींच्या वाट्याला पाणी, स्वयंपाक आणि धाकटी भावंडे असतात. एका खोलीच्या बिऱ्हाडात रात्री पुस्तक उघडण्यास शांत कोपरा कोठून मिळावा? शिवाय केंद्राच्या योजनेतील माध्यान्ह आहार आठवीपर्यंतच आहे. अभ्यासाचा भार वाढतो, नेमकी तेव्हाच ताटाची ही हमी संपते.

शिक्षकांची रिक्त पदे वा शाळेचे माध्यम ही सरकारच्या अखत्यारीतील बाब होय. पण जागा, दिवा आणि एखादे वडीलधारे माणूस, या तीन गोष्टी आपल्या हाती आहेत. आपल्या अग्रशाळेच्या खोल्या जत्रा-उत्सव सोडता बहुतेक दिवस कुलूपबंद असतात. त्यांतील दोन खोल्या आठवी व नववीच्या मुलांसाठी रोज सायंकाळी दोन तास उघडाव्यात. पाठ्यपुस्तकांचे दोन संच ठेवावेत. निवृत्त शिक्षकांनी आळीपाळीने बसून इंग्रजी संज्ञांचा अर्थ मुलांच्या भाषेत समजावून द्यावा. दहावीच्या वर्षी धावपळ करण्यापेक्षा हा उपाय दोन वर्षे आधी योजणे फलदायी ठरेल. तसेच पुढील वर्षापासून एक पारितोषिक सर्वाधिक गुणांसाठी नव्हे, तर मागील वर्षापेक्षा सर्वाधिक प्रगतीसाठी द्यावे, अशी माझी नम्र सूचना आहे.

यावर आक्षेप येईल, हे मी जाणतो. ही मुले महाजन कुटुंबांतील नाहीत. आपली मुले बहुधा अन्य शाळांत जातात. मग देवस्थानचे द्रव्य त्यांच्यासाठी का खर्चावे? माझे उत्तर एवढेच, की ज्यांच्या श्रमांवर आपल्या बागायती पिकतात आणि आपली घरे उभी राहतात, त्यांची मुले देवाला परकी नाहीत. महाजनकी वंशपरंपरेने मिळते. विद्येवरील अधिकार तसा मिळावयाचा नसतो. समईत तेल आपण घालतो, पण तिचा प्रकाश काही गोत्र विचारून पडत नाही.

व्यवस्थापन समितीने येत्या महाजन सभेत या सूचनेचा विचार करावा, ही विनंती करतो आणि सर्व मुलांना सद्बुद्धी, आरोग्य व विद्या लाभो, अशी श्रींच्या चरणी प्रार्थना करून आपली रजा घेतो.