रणगाड्याच्या अंगावरची धूळ

बिनतारी संदेशानें चालणारा लहानसा रणगाडा ही वस्तु आतां केवळ मुलांच्या खेळण्यांत मोडत नाहीं. मूळ गाड्याच्या एक-सोळांश मापाची अशी प्रतिकृति बाळगणारे प्रौढ गृहस्थ अनेक देशांत आहेत. तिचा बुरूज फिरतो, तोफ वरखालीं होते, पट्ट्यांवरून ती अंगणांतल्या मातींत चढउतार करीत जाते. कांहीं प्रतिकृतींतून यंत्राची घरघर आणि धूरहि निघतो. पेटींतून काढली त्या वेळीं मात्र ती एकाच सपाट रंगाची, तुकतुकीत आणि निर्जीव दिसते. तिला रंगविणें, आणि त्याहून अवघड म्हणजे तिच्या अंगावर धूळ, चिखल, गंज आणि झीज दाखविणें, ही एक स्वतंत्र विद्याच होऊन बसली आहे. या विद्येंत हात बसावयास वेळ लागतो हें खरें. पण पुष्कळशा प्रतिकृति बिघडतात त्या हाताच्या दोषानें नव्हे. हा डाग येथें कां पडला, हा प्रश्न रंगविणाऱ्यानें स्वतःला विचारलेला नसतो म्हणून बिघडतात.

उदाहरणादाखल जर्मनांचा ‘टायगर’ हा गाडा घ्यावा. प्रतिकृति करणाऱ्यांचा तो फार आवडता आहे. इंग्लंडमधील बोव्हिंग्टन येथील रणगाड्यांच्या संग्रहालयांत १३१ क्रमांकाचा टायगर ठेवलेला आहे. एप्रिल १९४३ मध्यें तो ट्युनिसियांत ब्रिटिश सैन्याच्या हातीं लागला. शत्रूच्या माऱ्यांत त्याचा बुरूज अडकून फिरेनासा झाला, आणि आंतील माणसें गाडा तसाच टाकून निघून गेलीं. माऱ्याचे ते ओरखडे आजहि त्याच्या अंगावर आहेत. २००३ सालीं दुरुस्तीनंतर हा गाडा पुन्हां स्वतःच्या यंत्रावर चालूं लागला. त्याची पलटण आफ्रिकेंत उतरली ती १९४३ च्या मार्चमध्यें. म्हणजे पकडला जाईपर्यंत त्याला त्या भूमीवर दोन महिनेहि झाले नव्हते.

आतां याच गाड्याची हौशी माणसानें रंगविलेली प्रतिकृति पहावी. बहुधा ती वाळवंटी पिवळ्या धुळीनें माखलेली असते आणि तिच्या चिलखतावर नारिंगी गंजाचे पोपडे असतात. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. उत्तर ट्युनिसिया म्हणजे सहारा नव्हे. तो डोंगरांचा आणि शेतीचा मुलूख आहे. तेथें हिवाळ्यांत पाऊस पडतो, आणि १९४२ च्या डिसेंबरांत ट्युनिसकडे निघालेल्या दोस्त सैन्याला अडविण्यांत चिखलाचा वांटा मोठा होता. तेव्हां तेथील गाड्याच्या चाकांवर सुकलेल्या शेतमातीचा राखी-तपकिरी लेप शोभेल. राहिला गंज. जाड पोलादाला दोन महिन्यांत पोपडे धरत नाहींत. शिवाय ज्या पांच माणसांचा जीव त्या ५७ टनांच्या यंत्रावर अवलंबून होता, तीं तें यंत्र रोज तपाशीत, वंगण घालीत, पट्ट्यांचा ताण पाहत. रणांगणावर उभ्या असलेल्या गाड्याला भंगारांतल्या सांगाड्यासारखा रंगविणें म्हणजे त्या माणसांनीं आपलें काम केलें नाहीं असें सांगणें होय. कोणत्याहि सैन्याच्या गाड्याच्या बाबतींत हा आरोप विचार करूनच करावा.

गंजाला जागा नाहींच असें नव्हे. टायगरच्या पाठीमागें धूर बाहेर टाकणाऱ्या दोन उभ्या नळ्या असतात. तेथें उष्णतेनें रंग जळून जातो व पत्रा उघडा पडतो. तेथें गंज अवश्य दाखवावा. पट्टे एका रात्रींत तांबूस होतात, पण गाडा थोडासा चालला कीं जमिनीला लागणारा त्यांचा भाग पुन्हां उजळतो. चाकांच्या रबरी धावांना मात्र गंज चढविणारे कलावंत पाहिले म्हणजे हंसूं येतें.

मूळ रंगाविषयीं या मंडळींत वाद फार. फेब्रुवारी १९४३ मध्यें जर्मन सैन्यानें गडद करड्याऐवजीं गडद पिवळा हा आपल्या गाड्यांचा मूळ रंग ठरविला, आणि त्यावर पट्टे ओढण्यासाठीं हिरवा व तांबूस-तपकिरी रंग लगद्याच्या रूपांत तुकड्यांकडे पाठविले. तो लगदा पेट्रोलमध्यें कालवावा कीं पाण्यांत, हें पुष्कळदां जवळ काय आहे यावर ठरे. एकाच तुकडींतले दोन गाडे त्यामुळें सारखे दिसत नसत. हें ध्यानांत घेतलें म्हणजे रंगाच्या एका छटेवरून होणारीं भांडणें निम्म्यानें तरी कमी होतील.

प्रत्यक्ष कामाला बसण्यापूर्वीं विजेची बॅटरी काढून ठेवावी, पट्टे उतरवावे, आणि बुरूज धडापासून वेगळा करावा. प्लॅस्टिकवर साच्यांतील तेलकट द्रव्याचा अंश राहिलेला असतो. साबणाच्या कोमट पाण्यानें तो धुतल्यावांचून रंग धरत नाहीं. मग अस्तराचा हात. अस्तर तांबडें द्यावें, कारण जर्मन कारखान्यांत पोलादावर पहिला हात तांबड्या अस्तराचाच असे. त्यावर, केस जागच्या जागीं रहावे म्हणून स्त्रिया जो फवारा वापरतात, त्याचा एक पातळ थर मारतात, आणि तो वाळल्यावर पाण्यांत मिसळणारा मुख्य रंग फवारतात. वरचा रंग पुरता मुरण्यापूर्वीं ओलसर कुंचल्यानें कडा हलकेच घासल्या कीं मधला थर विरघळतो आणि रंगाचे टवके आपोआप सुटूं लागतात. टवक्याखालीं तांबडें अस्तर दिसतें. जेथें झीज खोल गेली असेल तेथें शिसपेन्सिलीची भुकटी बोटानें चोळली म्हणजे घासलेल्या पोलादाची काळसर चमक येते. टवके कोठें काढावयाचे? जेथें बूट पडतात, झाकणें आपटतात, हत्यारें ओढून काढलीं जातात तेथें. बाजूच्या सपाट चिलखताला कोणी हात लावीत नाहीं, मग तेथला रंग उडेल कशानें?

यानंतर चकाकणाऱ्या रोगणाचा एक हात देऊन तो पुरता वाळूं द्यावा. त्यावर गडद तपकिरी तैलरंगाचा टर्पेंटाईनमध्यें केलेला पाण्यासारखा पातळ काढा बारीक कुंचल्यानें सांध्यांत आणि बोल्टांच्या डोक्यांभोवतीं सोडतात. तो फटींतून आपणच धांवतो. खालीं रोगण नसेल तर तो फटींत न राहतां सर्वत्र पसरून डाग पाडतो. ओघळ दाखविण्यासाठीं तैलरंगाचे टांचणीच्या डोक्याएवढे ठिपके ठेवून, टर्पेंटाईननें किंचित् ओलावलेल्या कुंचल्यानें ते खालीं ओढावे. पाणी वरून खालीं वाहतें हें कोणाला सांगावें लागूं नये. परंतु प्रदर्शनांत तिरपे ओघळहि दृष्टीस पडतात. तेल भरण्याच्या तोंडाभोवतीं मात्र ओलसर, काळपट डाग ठेवावा. या सर्व कामीं खिडक्या उघड्या असाव्या आणि फवारतांना तोंडावर योग्य मुखवटा असावा.

शेवटीं धूळ. एवढ्या मोठ्या प्रतिकृतींत खरी फसगत येथें होते. गाडा अंगणांत चालणारच आहे, तर अंगणांतलाच चिखल त्याला लागूं द्यावा, असें सहज मनांत येतें. पण मापाचा हिशेब करून पहावा. वाळूचा अर्ध्या मिलिमीटरचा कण या गाड्याच्या अंगावर आठ मिलिमीटरचा खडा होतो. खरा चिखल त्याच्यावर खोटा दिसतो. दुसरें असें कीं, मापाच्या घनाच्या हिशेबानें ५७ टनांच्या गाड्याची ही प्रतिकृति सुमारें १४ किलो भरली पाहिजे. प्लॅस्टिकची प्रतिकृति त्याहून पुष्कळच हलकी असते. ती जमिनींत रुतत नाहीं, आणि टायगरच्या एकमेकांआड बसविलेल्या चाकांत चिखल जसा कोंबला जाई तसा तिच्या चाकांत कोंबला जात नाहीं. तो कुंचल्यानेंच आणावा लागतो: अगदीं बारीक दळलेली रंगाची भुकटी, खालच्या अंगाला दाट, वर विरळ, आणि माणसें जेथें वावरतात तेथें पुसट.

महाराष्ट्रांतील ज्या श्रोत्यांना खरा रणगाडा जवळून पहावयाचा असेल, त्यांना अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, येथें १९९४ सालीं सुरू झालेलें रणगाड्यांचें संग्रहालय आहे. चर्चिल, सेंच्युरियन, विजयंत असे गाडे तेथें उभे आहेत. संग्रहालयांतल्या गाड्यांचा वरचा रंग जतनासाठीं पुन्हां पुन्हां दिलेला असतो, म्हणून त्यावरून छटा ठरवूं नये. पहावयाचें तें दुसरेंच: ओतीव पोलादाचा खरबरीतपणा, वेल्डिंगचे जाड ओबडधोबड सांधे, पायऱ्यांच्या गुळगुळीत झालेल्या कडा, आणि पट्ट्यांच्या एकेका कडीचें वजन डोळ्यांनाच जाणवावें इतकी त्यांची जाडी.

चालत्या प्रतिकृतीच्या बाबतींत एक पथ्य अधिक आहे. धुळीची भुकटी वंगणांत मिसळली तर ती दांतेरी चाकांना कानशीप्रमाणें खाते. म्हणून आंसांच्या आणि यंत्रपेटीच्या आसपास ती मुळींच वापरूं नये, आणि इतरत्र ती मंद रोगणाच्या हलक्या फवाऱ्यानें पक्की करावी. पट्टे धातूचे असतील तर त्यांना रंग देऊं नये. तो दोन फेऱ्यांत खरवडून निघतो आणि त्याच्या कपच्या दात्यांत अडकतात. धातु काळा करणाऱ्या रासायनिक द्रवांत ते बुडवून, स्वच्छ धुऊन, पुरते वाळवून चढवावे. मग गाडा फरसबंदीवर अर्धा तास फिरवावा. जमिनीला टेकणाऱ्या कडा आणि चाकांचे दाते तेवढे उजळतात, खांचांत काळेपणा तसाच राहतो.