पाड्यावरचे डायलिसिस आणि न दिसणारी सूज

(गिरगाव येथे मराठी ख्रिस्ती मंडळीच्या महिला सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या त्रैमासिकाचे वाचक मला एक प्रश्न वारंवार विचारतात. पाड्यावरच्या रुग्णाचे डायलिसिस सुरू झाले, पिशव्या मिळू लागल्या, तरी तुम्ही दात काढायला, अंड्यांना, साबणाला, एसटीच्या भाड्याला पैसे का मागता? प्रश्न रास्त आहे. आज त्याचेच उत्तर द्यायला मी उभी आहे. मी डॉक्टर नाही. परळच्या रुग्णालयांत आपल्या आदिवासी रुग्णांबरोबर रांगेत उभे राहायचे, डॉक्टर सांगतात ते नीट समजून घ्यायचे आणि रुग्णाला व घरच्यांना कळेल अशा शब्दांत सांगायचे, हे माझे काम. जे शिकले ते तिथल्या बाकांवर शिकले.

मूत्रपिंडे निकामी झाली आणि प्रत्यारोपण शक्य नसले की दोन मार्ग उरतात. पहिला यंत्रावरचा. आठवड्यातून साधारण तीन वेळा, दर वेळी चार तास, रक्त यंत्रातून गाळून परत शरीरात सोडतात. दुसरा पोटाच्या डायलिसिसचा. आपल्या आतड्यांभोवती एक पातळ पडदा असतो, त्याला पेरिटोनियम म्हणतात. बेंबीजवळ एक मऊ नळी बसवतात. तिच्यातून दोन लिटर निर्जंतुक द्रव पोटात सोडायचा. त्यात साखर आणि क्षार असतात. चार-सहा तासांत रक्तातली घाण आणि जादा पाणी त्या पडद्यातून झिरपून द्रवात उतरते. मग तो काढून टाकायचा आणि नवा भरायचा. असे दिवसातून बहुधा चार वेळा. वीज लागत नाही, यंत्र लागत नाही, रुग्ण घरी राहतो.

मोखाडा, जव्हार, तलासरीकडच्या माणसाला आठवड्यातून तीनदा परळ गाठायचे म्हणजे मजुरीही गेली आणि घरही गेले. तालुक्याच्या ठिकाणी यंत्र असले तरी पाड्यापासून तिथवरची वाट असतेच. म्हणून पोटाचे डायलिसिस हा आपल्या लोकांसाठी मोठा आधार आहे.

ही पद्धत एका दिवसात आली नाही. माणसावर तिचा पहिला प्रयोग जर्मनीत गेओर्ग गांटर यांनी १९२३ साली केला. कायमची बसवता येणारी नळी हेन्री टेंकहॉफ यांनी १९६८ मध्ये रूढ केली. चालता-फिरता घरी करण्याची कल्पना अमेरिकेत पोपोविच आणि मॉनक्रीफ यांनी १९७६ मध्ये मांडली, आणि भारतात ती १९९१ मध्ये सुरू झाली. मूत्रपिंडाच्या उपचारांत आपल्या शहराचा आणि ख्रिस्ती सेवाकार्याचा वाटाही विसरू नये. परळच्या केईएम रुग्णालयात १९६५ साली मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा प्रयत्न झाला होता. देशातले पहिले यशस्वी प्रत्यारोपण १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात झाले. सरकारचा प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये यंत्रावरच्या डायलिसिसने सुरू झाला, आणि २०१९ मध्ये पोटाच्या डायलिसिससाठीही मार्गदर्शक सूचना निघाल्या.

आता मूळ मुद्दा, सूज. बोटाला काटा रुतला की बोट लाल होते, गरम होते, सुजते, ठणकते. शरीराचे शिपाई तिथे धावून आलेले असतात. काटा निघाला की ते परत जातात. ही सूज आपल्या भल्याची. पण डायलिसिसच्या रुग्णाच्या शरीरात अशी एक सूज राहते की जिला ना लाली, ना ताप, ना ठणका. राखेखाली विस्तव धुमसत राहावा तशी ती महिनोन् महिने राहते. रक्तातल्या सीआरपी नावाच्या तपासणीत तिचा माग लागतो.

तिच्याबरोबर दुसरी गोष्ट चालते, तिला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. आपण त्याला शरीराचा गंज म्हणू. लालबागच्या जुन्या चाळीतले लोखंडी कठडे पावसाळ्यात कसे गंजतात ते तुम्ही पाहिले आहे. वांगे चिरून ठेवले की काळे पडते, तेही हवेतल्या प्राणवायूमुळेच. शरीरातही प्राणवायूपासून काही फार तिखट कण सतत तयार होतात. निरोगी माणसाचे शरीर त्यांना आवर घालते. मूत्रपिंडे बंद पडली की हे कण वाढतात आणि आवर घालणारी द्रव्ये कमी पडतात. काही जीवनसत्त्वे तर काढून टाकलेल्या पाण्याबरोबर वाहून जातात. सूज गंज वाढवते, गंज सूज वाढवतो.

पोटाच्या डायलिसिसमध्ये याला आणखी एक कारण असते. द्रवातली साखरच पाणी ओढून घेते, म्हणून ती लागतेच. पिशव्या १.५, २.५ आणि ४.२५ टक्के साखरेच्या असतात. पण निर्जंतुक करताना तो द्रव तापवावा लागतो, त्यात साखरेचे काही विघटित पदार्थ तयार होतात आणि ते पडद्याला टोचतात. वर्षानुवर्षे हे चालले की पडदा जाड होतो आणि त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात. मग साखर भराभर रक्तात शिरते, पाणी ओढले जात नाही आणि पायांवर सूज येते. एरवीही दिवसाकाठी १०० ते २०० ग्रॅम साखर रक्तात जाते. त्यामुळे भूक मरते. उलट बाजूने रोज ५ ते १० ग्रॅम प्रथिने पोटातून बाहेर पडतात. माणूस आतून पोकळ होत जातो.

स्वीडनमधले डॉक्टर पीटर स्टेनविंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी कुपोषण, सूज आणि रक्तवाहिन्या कठीण होणे या तिघांची एकच साखळी मांडली. एक कडी दुसरीला ओढते आणि शेवटी हृदयावर बेतते. डायलिसिसवरच्या माणसांच्या मृत्यूंत हृदयविकाराचा वाटा फार मोठा असतो. अशा मृत्यूनंतर पाड्यावर लोक म्हणतात, डायलिसिस लागू पडले नाही. कधी कधी डायलिसिस ठीक चाललेले असते, आणि हा विस्तव कोणी विझवलेला नसतो.

मग विस्तवाला इंधन कशाचे? पहिले, पोटातला जंतुसंसर्ग. हात न धुता नळी उघडली की एका स्पर्शाने तो होऊ शकतो. काढलेले पाणी गढूळ दिसते, पोट दुखते, कधी ताप येतो. बाहेर काढलेली पिशवी छापील कागदावर धरायची. अक्षरे दिसली तर पाणी स्वच्छ. वाचता न येणाऱ्या सासूबाईंनाही कॅलेंडरवरचे चित्र दिसते की नाही ते सांगता येते. गढूळ दिसले तर ती पिशवी घेऊन त्याच दिवशी रुग्णालयात यायचे. अशा वेळी घरात शंभर रुपये नसतील तर दोन दिवस जातात, आणि त्या दोन दिवसांत पडदा कायमचा बिघडू शकतो. म्हणून एसटीचे भाडे.

दुसरे, तोंड. किडलेले दात आणि पू झालेल्या हिरड्या म्हणजे चोवीस तास उघडे राहिलेले जंतूंचे दार. त्यात मिश्री आणि तंबाखू. म्हणून दातांचा खर्च. तिसरे, क्षयरोग. डायलिसिसच्या रुग्णाला त्याचा धोका जास्त असतो, म्हणून न उतरणारा बारीक ताप आणि घटणारे वजन आपण हलके घेत नाही. चौथे, अंगात साठलेले पाणी. मीठ कमी केले नाही तर तहान वाढते, पाणी वाढते, मग जास्त साखरेची पिशवी लावावी लागते आणि पडद्यावर मार बसतो. सुकट आणि खारवलेली मासळी पाड्यावर आवडीची, पण त्यात मीठ फार.

आमच्या समितीत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले होते, कुडाच्या घरात, नळ नसताना, हे उपचार द्यायचेच कशाला? प्रश्न काळजीपोटी होता. महिन्याला १२० पिशव्या म्हणजे २४० लिटर द्रव. ही खोकी पाड्यापर्यंत न्यायची, उंदरांपासून वाचवायची, ओल लागू द्यायची नाही. मी म्हटले, आधी घर बघून येऊ.

पालघर जिल्ह्यातल्या एका पाड्यावरच्या तिशीतल्या बाईचे ते घर. नवरा वीटभट्टीवर जाणारा, सासू घरी. आम्ही एक कोपरा ठरवला. चुलीपासून लांब, सारवलेल्या जमिनीवर प्लास्टिक अंथरलेले, वर टेबल. पिशवी बदलताना दार-खिडकी बंद, तोंडाला मास्क, कोंबड्या बाहेर. पाणी उकळून गाळून झाकून ठेवलेले, तोटीच्या डब्यातून हातावर घ्यायचे, साबणाने हात धुवायचे आणि कोरडे करायचे. पिशवी कोमट करायची तरी पाण्यात बुडवायची नाही. नदीत किंवा तळ्यात आंघोळ बंद. हे सगळे सासूने सुनेपेक्षा आधी पाठ केले. पोटातला संसर्ग झाला नाही.

तरीही काही महिन्यांनी तिचे अंग उतरू लागले आणि पाय सुजले. ताप नाही, पाणी स्वच्छ. रक्तात अल्ब्युमिन कमी आणि सीआरपी वाढलेले. डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितले. दोन दाढा मुळापर्यंत किडलेल्या, हिरड्यांतून पू. दाढा काढल्या. मिश्री सोडायला वेळ लागला, ती म्हणायची, “बाई, एवढी एकच तर सवय आहे.” तिची चेष्टा न करता सासूने स्वतःची मिश्री आधी सोडली. रोजच्या जेवणात अंडी आणि जाड वरण आले. पुढच्या तपासण्यांत सीआरपी उतरले आणि तिची भूक परतली. तिच्या पोटाचा पडदा कायम टिकेल असे कोणी सांगत नाही. कधीतरी यंत्रावर जावे लागेल. पण मधली वर्षे तिला आपल्या मुलांबरोबर मिळत आहेत.

अंड्यांचा हिशेब असा. पोटाच्या डायलिसिसवरच्या माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. ५० किलोच्या बाईला ५० ते ६० ग्रॅम. एका अंड्यात सहाएक ग्रॅम. नुसत्या भाकरी आणि मिरचीच्या ठेच्यावर हा आकडा गाठता येत नाही.

कोणी विचारते, गंज थांबवणाऱ्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या देऊ का? डॉक्टरांनी लिहिलेल्याच द्या. क जीवनसत्त्व जास्त झाले तर डायलिसिसच्या रुग्णात त्याचे क्षार साठतात. मूत्रपिंड साफ करणारा म्हणून विकला जाणारा काढा देऊ नका. दुखण्याच्या गोळ्या मनाने देऊ नका. थोडीफार लघवी होत असेल तर ती जपणे हे मोठे औषध आहे, आणि त्या गोळ्या नेमकी तीच घालवतात. कमरख, म्हणजे चांदणीसारखी फोड पडणारे आंबट फळ, तर अजिबात नको. मूत्रपिंड निकामी असलेल्यांना त्यातले विष मेंदूपर्यंत बाधते. न थांबणारी उचकी, गोंधळ, झटके येतात आणि जीवही जाऊ शकतो.

दयाळू शोमरोन्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. तेल आणि द्राक्षारस लावून जखमा बांधल्या, इथे आपण बहुधा थांबतो. पण त्याने त्या माणसाला उतारशाळेत नेले, रात्रभर सांभाळले, दुसऱ्या दिवशी मालकाला दोन नाणी दिली आणि वरचा खर्च परतीच्या वेळी देईन असे सांगितले. त्याला ठाऊक होते की जखम बांधली त्या दिवशी काम संपत नाही. आपल्या वर्गणीतला साबणाचा आणि अंड्यांचा भाग म्हणजे तो वरचा खर्च आहे.

म्हणून तीन विनंत्या करते. दादर, परळ, लालबागच्या आसपास ज्यांच्या घरी एका रात्रीपुरती जागा होईल त्यांनी नाव द्यावे. तपासणीला आलेला रुग्ण आणि सोबतचा माणूस फुटपाथवर झोपू नये. ज्या भगिनींना सकाळी वेळ असेल त्यांनी महिन्यातून एकदा ओपीडीत आमच्याबरोबर यावे. केसपेपर काढून देणे एवढेही पुष्कळ आहे. आणि पाड्यांवरच्या शिबिरांसाठी रक्तदाब मोजण्याची यंत्रे आणि लघवी तपासण्याच्या पट्ट्या द्याव्यात. रक्तदाब आणि मधुमेह वेळीच सापडला तर पुष्कळांवर डायलिसिसची पाळीच येणार नाही.

सभा संपल्यावर मी दाराशी वही घेऊन बसले आहे. नाव आणि कोणता वार जमेल तेवढे लिहा. प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.