दाढेतली चांदी आणि खाडीतला पारा

दाढ किडली की आपण दंतवैद्याकडे जातो आणि घरी येऊन सांगतो, "चांदी भरून आलो." पण या चांदीत वजनाने जवळजवळ निम्मा पाराच असतो, उरलेल्या भुकटीत चांदी, कथील आणि तांबे. दोन्ही एकत्र घोटली की मऊ गोळा होतो. तो दाढेच्या खड्ड्यात ठासला, की दिवसाभरात दगडासारखा घट्ट. चांदीशी आणि कथिलाशी पाऱ्याची नवी संयुगे बनतात, तो मोकळा राहत नाही. तेव्हा ज्यांच्या दाढेत जुनी, शाबूत चांदी आहे त्यांनी हे भाषण ऐकून ती उपटायला धावू नये. वाफ आणि चुरा जास्त उडतो तो काढतानाच.

प्रश्न आहे तो या चुऱ्याचा. चूळ भरली की तो भांड्यात, तिथून गटारात. आणि ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या गटारांची वाट शेवटी खाडीकडेच. आपली खाडी पाऱ्याला नवखी नाही. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2003 साली उल्हास खाडीच्या गाळातील पाऱ्यावर निबंध प्रसिद्ध केला. तो पारा मुख्यतः कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यांतून आलेला. दंतवैद्याचा चुरा त्यापुढे चिमूटभर, हे न्यायाने म्हटलेच पाहिजे. पण पारा कुजत नाही. गाळातले जिवाणू त्याचे मिथिल-पारा हे विष करतात आणि ते लहान माशातून मोठ्या माशात साठत जाते. जपानात मिनामाटा येथे 1956 साली उघडकीस आलेला रोग याच विषाचा.

मिनामाटाच्या नावाचा आंतरराष्ट्रीय करार 2013 साली झाला आणि भारताने 2018 साली त्याला मान्यता दिली. दातांत पारा भरणे कमी करत न्यावे, असे त्यात आहे.

मग भरायचे काय? 1962 साली अमेरिकेच्या बोवेन यांनी राळ आणि काचेची पूड यांचे मिश्रण काढले. हल्ली ते निळ्या प्रकाशाच्या झोतात काही सेकंदांत घट्ट होते. मात्र भरताना दात अगदी कोरडा लागतो, आणि खर्चही अधिक. 1972 साली इंग्लंडात विल्सन आणि केंट यांनी विशिष्ट काचेची पूड व आम्ल यांचे सिमेंट पुढे आणले. ते दाताला आपसूक चिकटते, वर फ्लोराइडही सोडते. पण सुपारी फोडणाऱ्या दाढेखाली ते चांदीइतके टिकत नाही, हेही खरे!

राहिला जुना चुरा. सोनाराच्या दुकानापुढची माती झारेकरी उगीच धुवत नाही. इथेही तेच गणित. खुर्चीच्या नळीला चुरा अडवणारे यंत्र जोडता येते. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे त्याने 95 टक्के चुरा अडवायलाच हवा. तो घट्ट झाकणाच्या बरणीत साठवावा. दवाखान्याच्या जाळायच्या पिशवीत मुळीच टाकू नये, कारण भट्टीत पाऱ्याची वाफ होऊन ती धुराड्यावाटे गावावर पसरते. बंद पात्रात मात्र हीच वाफ उपयोगी पडते. पारा 357 अंशांना उकळतो, तर चांदी वितळायला 962 अंश लागतात. चुरा तापवला की पारा वाफ होऊन नळीतून जातो, गार होऊन पुन्हा थेंबाथेंबाने जमतो, आणि मागे चांदी उरते. हा प्रयोग घरच्या शेगडीवर कुणी करू नये. ती वाफ दिसत नाही आणि तिला वासही नसतो.