संगणकाचा वेग उतरवा, वीज वाचवा

मे महिन्यात पाचोऱ्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्यात वीज गेली की संगणक इन्व्हर्टरवर येतो. अशा वेळी प्रोसेसरचा वेग थोडा उतरवावा. त्याचा वीजखर्च वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन्ही 20 टक्क्यांनी उतरले, तर काम करतानाचा खर्च हिशेबाने जवळपास निम्मा! इंटेलने 2000 साली ‘स्पीडस्टेप’ नावाने वेग आणि व्होल्टेज उतरवण्याची ही सोय लॅपटॉपमध्ये आणली. आता ती बहुतेक संगणकांत आपोआप चालते. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ 99 टक्के केलं, तरी अनेक लॅपटॉपमध्ये टर्बो, म्हणजे नेहमीपेक्षा जादा, वेग थांबतो. सातबारा काढायला तो हवाय कशाला? आणि हो, स्क्रीनचा उजेडही कमी करा. एकट्या प्रोसेसरवर भिस्त ठेवू नका.