दवाखान्यातल्या तीन पाळ्या
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला कामगार चळवळीवर बोलायला सांगितलं होतं. पण गेल्या वर्षभरात वस्तीतला जो तो भेटला त्यानं एकच विचारलं, "बाबा कसे आहेत? कसं निभावलं तुम्ही?" तेव्हा अध्यक्षांची परवानगी घेऊन त्यावरच बोलतो. कामगार चळवळ त्यातही येईल, ती कुठे जाते! आणि आम्ही 'आम्ही' म्हणतो ते मोठेपणासाठी नाही. घरचे पाच जण आणि वस्तीतले दहा-बारा जण मिळून हे काम झालं, त्यात 'मी' कुठे बसवायचा?

हकीकत थोडक्यात सांगतो. बाबा ७८ वर्षांचे. जन्म मिलच्या साचेखात्यात गेला. कापूस वेचणीच्या दिवसांत, दिवेलागणीला, रस्ता ओलांडताना मोटारसायकलची धडक बसली. खुब्याजवळचं हाड मोडलं, डोक्याला मार लागला. रस्त्यावरच्या एका अनोळखी पोरानं १०८ ला फोन केला, गाडी येईपर्यंत बाबांना हलवू दिलं नाही आणि स्वतः सोबत गेला. आपल्या लोकांना अजून भीती वाटते, की मदत केली तर पोलीस आपल्यालाच धरतील. २०१६ साली सुप्रीम कोर्टानं आणि २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनं अशा मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. त्याच्यावर जबाबदारी येत नाही, नाव सांगायची सक्तीही करता येत नाही. हे पोरांनी लक्षात ठेवावं, हा महामार्ग आपल्या उशाशी आहे.

तालुक्याच्या दवाखान्यातून सेवाग्रामला न्यायला सांगितलं. बाहेर एक गाडीवाला गळ घालत होता, नागपूरच्या खाजगीत चला, तिथं लगेच होते, फक्त आधी पैसे भरा. त्याचं नाव घेत नाही. आम्ही सेवाग्रामलाच गेलो. कस्तुरबा रुग्णालय म्हणजे डॉ. सुशीला नय्यर यांनी उभं केलेलं, आणि १९६९ साली तिथं महात्मा गांधींच्या नावानं खेड्यातलं मेडिकल कॉलेज निघालं. गांधीजींशी आपले मतभेद आहेत ते आहेतच. पण खाटेवर माणूस पडला असताना दवाखान्याच्या पाटीवर कोणाचं नाव आहे ते पाहत नसतात, डॉक्टर आहे की नाही ते पाहतात.

पैशाचं सांगतो, कारण पहिल्या रात्री सगळ्यांचा घसा तिथंच कोरडा पडतो. आमचा पगार ईएसआयच्या २१ हजारांच्या मर्यादेबाहेर गेलेला, म्हणून तो रस्ता बंद. ज्यांचं कार्ड चालू आहे त्यांनी मात्र पाहून घ्यावं, अवलंबून असलेल्या आई-वडिलांचीही नावं त्यात घालता येतात. बरेच जण बायको-पोरांची नावं घालतात आणि म्हातारे राहून जातात. आमचं काम महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत झालं. २०१२ साली ती राजीव गांधींच्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली होती, २०१७ साली तिला जोतीबांचं नाव मिळालं. २०२३ साली शासनानं ती सगळ्याच रेशन कार्डवाल्यांना लागू करायचं आणि मर्यादा पाच लाखांपर्यंत न्यायचं ठरवलं. दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. भरती झाल्या झाल्या रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्याच्याकडे जायचं, सुटीच्या दिवशी नाही. दोन्ही कागदांवर नाव एकसारखं पाहिजे. बाबांच्या नावात एक अक्षर वेगळं निघालं आणि त्या एका अक्षरापायी दीड दिवस गेला.

ऑपरेशन झालं, आत सळई टाकून हाड बसवलं. डॉक्टरांचं काम डॉक्टरांनी केलं. आता आमचं काम सुरू झालं, आणि खरं बोलायचं ते इथून पुढचं.

म्हाताऱ्या माणसाचं हाड मोडलं की माणूस हाडानं मरत नाही, पडून राहण्यानं खचतो. पाठीला, टाचेला जखमा होतात, छातीत कफ साचतो, पायात रक्ताची गाठ होते. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही, आणि डॉक्टरांनी उठवा म्हटलं की दुखलं तरी उठवायचं. आपल्याकडे भेटायला येणारा म्हणतो, "पडू द्या ना बापा त्याईले, कायले तरास देता!" ही दया नव्हे. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपीवाल्या ताईनं बाबांना खाटेच्या कडेला बसवलं तेव्हा बाबांनी तिला नाही नाही ते ऐकवलं. ती हसून म्हणाली, "उद्या पुन्हा येते आजोबा."

दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणजे रात्रीसुद्धा. हे एका माणसाचं काम नाही. पहिले तीन दिवस घरची सून एकटीच बसली. चौथ्या दिवशी तिलाच चक्कर आली. तेव्हा आम्ही बसून पाळ्या लावल्या. आम्ही मिलचे लोक, पहिली-दुसरी-तिसरी पाळी आम्हाला शिकवावी लागत नाही. कोणीही आठ तासांच्या वर बसायचं नाही आणि बदली आल्याशिवाय खाट सोडायची नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते, १९४६ साली कारखान्याचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. मशीनजवळ उभा राहणारा माणूस थकतो हे कायद्यानं मान्य केलं. आजाऱ्याजवळ बसणारी बाई थकते, हे मात्र आपल्या घरांत अजून मान्य व्हायचं आहे. भाकर तिनंच करायची, डबा तिनंच न्यायचा, रात्री तिनंच जागायचं, आणि मुलगा बाहेर चहाच्या टपरीवर चार लोकांना रिपोर्ट समजावून सांगतो!

यावरून आमच्या घरात चांगलीच बोलाचाली झाली. बाबांचं मलमूत्र काढायचं कोणी? एक नातेवाईक म्हणाले, हे बाईमाणसाचं काम. विनयपिटकात महावग्गामध्ये गोष्ट आहे. एक भिक्खू अतिसारानं आपल्याच घाणीत पडला होता, कोणी पाहत नव्हतं. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं, स्वतः पाणी ओतलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं आणि उचलून खाटेवर ठेवलं. त्याच ठिकाणी शुश्रूषा करणाऱ्याचे गुण सांगितले आहेत. औषध देता यावं, पथ्य-कुपथ्य कळावं, लोभानं नव्हे तर मैत्रीनं सेवा करावी, मलमूत्राची किळस येऊ नये, चांगलं बोलून धीर देता यावा. यात बाई-पुरुष असं कुठंही नाही. नातेवाईक गप्प बसले. मग ते काम मुलांनी आणि नातवांनी वाटून घेतलं.

बाबांना त्याची फार लाज वाटायची. तोंड भिंतीकडे करायचे. पाणीच कमी प्यायला लागले, म्हणजे भांडं कमी लागेल. नर्सबाईंच्या लक्षात आलं म्हणून बरं. तेव्हा नातवानं पडदा ओढायचा आणि काम करता करता जुन्या मिलच्या गोष्टी विचारायच्या असं सुरू केलं. धोटा कसा धावायचा, जॉबर कसा ओरडायचा. बाबा सांगायला लागले की लाज विसरत.

पाचव्या रात्री मात्र आम्ही घाबरलो. बाबा एकदम उठायला लागले, सळ्या उपसायला लागले. "धागा तुटला रे, साचा बंद कर! पाळी सुटली, मले घरी ने!" आम्हाला ओळखेनात. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, बाहेरचं काही असेल, अंगारा लावा. डोक्याला मार होता म्हणून डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, तर नवीन काही नव्हतं. त्यांनी समजावलं की वयस्कर माणसाला दुखणं, ऑपरेशन, अनोळखी जागा आणि मोडलेली झोप यांमुळे रात्री असा भ्रम होतो, ते वेड नव्हे, बहुतेक वेळा ओसरतं. चष्मा लावून ठेवा, दिवसा उजेडात बसवा, घड्याळ दिसू द्या, ओळखीचा माणूस जवळ ठेवा. वाद घालू नका. तेव्हापासून तिसऱ्या पाळीला बाबांच्या जुन्या मिलचे एक सोबती बसू लागले. बाबा "साचा बंद कर" म्हणाले की ते म्हणायचे, "केला बाप्पा, झोप आता." आठ-दहा दिवसांत ते गेलं. डोक्याला मार लागलेला माणूस जास्त झोपाळू झाला, वारंवार ओकला, झटका आला, तर मात्र रात्र असो की पहाट, डॉक्टरला उठवायचं.

कागदांचं थोडं. एफआयआरची नक्कल, गाडीच्या विम्याची माहिती, प्रत्येक बिल, सगळं एका पिशवीत ठेवायचं. नुकसानभरपाईच्या दाव्याला कायद्यानं २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे, म्हणून 'माणूस बरा झाला की पाहू' म्हणायचं नाही. वकिलाला पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. अनुसूचित जातीच्या माणसाला, स्त्रियांना आणि कारखान्याच्या कामगाराला तिथं उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. आपण तर दोन-दोन कारणांनी बसतो!

घरी आणल्यावर लोकांना वाटलं, झालं. पण खरे कठीण दिवस तेच. दवाखान्यात निदान नर्स असते. घरी बाबा दोन महिन्यांनी बोलायचेच बंद झाले. जेवण अर्धं. "आता माया काय उपेग?" आमच्याजवळ त्याचं उत्तर नव्हतं. व्यायाम मात्र आम्ही सोडला नाही, सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं. रोज एक अंडं आणि घट्ट वरण. एक जण हाडवैद्याचा लेप घेऊन आले होते, त्यांना चहा पाजला आणि लेप परत दिला. उंबरठा काढून टाकला, न्हाणीत धरायला पाइप ठोकला. मग एक दिवस मोरीपर्यंत गेले, एक दिवस ओट्यापर्यंत. बुद्ध पौर्णिमेला वॉकर धरून या विहाराच्या पायरीपर्यंत आले. पायरी चढता आली नाही. बाहेर खुर्ची टाकून बसले आणि त्रिसरण म्हणताना आवाज सगळ्यांच्या वर होता. आजही तिथं दाराजवळच बसले आहेत. एक पाय थोडा आखूड राहिला, तो राहणार.

त्या पायरीचं समितीनं मनावर घ्यावं. एका बाजूला उतार करायला फार विटा लागणार नाहीत, गवंडी आपल्याच वस्तीत तिघे आहेत.

आणि शेवटचं. खाली भोक असलेली खुर्ची, हवेची गादी आणि एक जास्तीचा वॉकर आम्ही विहाराच्या कपाटात आणून ठेवला आहे. ज्याला लागेल त्यानं न्यावं, धुऊन परत आणावं. नोंदवही कोपऱ्यावरच्या घरातल्या ताईंकडे आहे, कारण त्या दुपारी घरी असतात. गादीची हवा जाते, एक ठिगळ लावायचं राहिलं आहे. सायकल दुकानवाल्यांनी एवढं करून द्यावं. जय भीम.